जुनी अट धरून बसलेली फाइल

माझ्या हुशारीचा मला आजही राग येतो. हुशारी नडली ती मला नाही, बाबांना.

उभा जन्म भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवलेल्या माणसाला रिटायर होऊन घरी बसणं मानवत नव्हतं. भिलाई-३च्या आमच्या दोन खोल्यांत ते नुसते येरझारा घालायचे. अशात नंदिनी खाणीकडच्या एका ठेकेदाराने क्रेनवाल्यांसाठी साठ वर्षांची वयोमर्यादा बासष्टवर नेली. बाबा एकसष्टचे. त्यांनी त्याच दिवशी जुने बूट काढून पॉलिश केले. ठेकेदाराचा ऑनलाइन अर्ज आमच्या छोट्या कंपनीने बनवला होता, म्हणजे मीच.

हा अर्ज आधी उघडता उघडत नसे. कोणत्या रकान्यात काय चालेल, वय किती हवं, हे नियम कोडमध्ये लिहिलेले, आणि आमचं फ्रेमवर्क, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर अर्ज उभा होता तो, दर क्लिकला ते पहिल्यापासून वाचत बसायचं. मी ते एकदाच वाचून, अर्थ लावून, तयार माहिती कॅशच्या, म्हणजे तात्पुरत्या साठ्याच्या, फाइलमध्ये ठेवायची सोय केली. पान चुटकीसरशी उघडू लागलं. साहेबांनी समोसे मागवले आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

वयाची नवी अट मी कोडमध्ये घातली, माझ्या कॉम्प्युटरवर तपासलीही. पण काम करताना आम्ही आपल्याकडची कॅश बंदच ठेवतो, म्हणून तिथे सगळं ठीक दिसलं. सर्व्हरवरची फाइल पुसायची राहून गेली. तिच्यात अजून साठच होते.

बाबांनी माझी मदत घेतली नाही. चौकातल्या सायबर कॅफेत जाऊन स्वतः अर्ज भरला. 'वय मर्यादेपेक्षा जास्त' असं आलं आणि ते मुकाट घरी परतले. प्लांटच्या गेटवर नाही म्हटलं की मागे फिरायचं, हुज्जत घालायची नाही, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. माझा जीव जळतो तो यानेच. पोटच्या पोराला तरी विचारायचं होतं!

मला कळलं ते आईकडून, मुदत संपल्यावर. मी फाइल पुसली, क्षणाचं काम. मग ठेकेदाराला फोन लावला. त्याची माणसं भरून झाली होती.

संध्याकाळी बाबांसमोर बसलो.

"बाबा, मले कावून नाई सांगतलं?"

"त्यात का सांगाचं? उमर झाली माही."

"नाई झाली. तुमचा अर्ज चालत होता. चूक माही हाय, मी बनवलेलं चुकलं."

बाबा हसले, माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मले बरं वाटावं म्हणून खोटं बोलून राहिला का? तू बनवलेलं कसं चुकंल?"