शकूकाकूंचा ळ

फोन आला तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. सकाळचे आठ वाजले असतील. काकांचा फोन एरवी कधी यायचा नाही. फोन करायच्या त्या काकूच, आणि मागून काका काहीतरी सुचवत असायचे. त्या दिवशी काकांचा आवाज एकटाच कानावर आला आणि मला कळलंच. "नीलिमा, शकू गेली गं. पहाटे. दवाखान्यातून आता घरी आणतोय," एवढं सांगून ते पुढे म्हणाले, "तू सावकाश ये. जिने उतरताना घाई करू नकोस." बायकोला जाऊन चार तास झाले नव्हते आणि त्यांना माझ्या गुडघ्यांची काळजी होती... बराकपूरहून सियालदा आणि तिथून बेहाला, हा रस्ता मी वीस वर्षं केला. कधी बसनं, कधी टॅक्सीनं, अलीकडे शेवटचा टप्पा मेट्रोनं. त्या दिवशी सगळ्या वाटेत मला एकच आठवत राहिलं, की आमची ओळखसुद्धा याच रस्त्यावर झाली होती.

सियालदा स्टेशनातून बाहेर पडलं की थोड्याच अंतरावर बैठकखाना बाजार लागतो. कागदाची घाऊक दुकानं, गल्लीत दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे गठ्ठे. माझ्या नवऱ्याला बराकपूरजवळच्या कारखान्यात नोकरी लागली होती, आम्हाला कोलकात्यात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते, आणि केतकी तिसरीत होती. तिच्या पुस्तकांना कव्हरं घालायला खाकी कागद हवा म्हणून मी तिथे गेले होते. शेजारी एक ठेंगणी बाई उभी होती. सुती साडी, खांद्याला शबनम. एकेक कागद उजेडाकडे धरून ती स्वतःशीच पुटपुटत होती, "हा चालेल... हा नको, हा दुमडला की तडकणार." दोन महिन्यांत घराबाहेर मराठी कानावर पडलं नव्हतं. मी एकदम मोठ्यानं म्हणाले, "तुम्ही मराठी?" तिनं मान वर न करता सांगितलं, "हो. हा कोपरा धर जरा." मी धरला. आमची ओळख ती एवढीच. मग भांड्याच्या चहावर, म्हणजे इथल्या मातीच्या कपातल्या चहावर, बाकीची माहिती कळली. काका रेल्वेतून नुकतेच निवृत्त झालेले, गार्डन रीचचं क्वार्टर सोडून बेहालात फ्लॅट घेतलेला, मूलबाळ नाही, आणि काकू हातानं कार्डं करतात. "रविवारी ये. मुलीला आण," असं सांगून त्या गर्दीत नाहीशा झाल्या. पत्ता त्यांनी माझ्या खाकी कागदाच्या गुंडाळीवरच लिहून ठेवला होता.

त्यांच्या घरी जेवणाचं टेबल होतं, पण त्यावर कुणी जेवत नसे. कात्र्या, डिंकाच्या वाट्या, सुकायला ठेवलेली कार्डं यांनी ते भरलेलं. दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवायची. "आमच्याकडे टेबल-खुर्चीवर कागद बसतात," काका म्हणायचे. हे कधी सुरू झालं, असं मी एकदा विचारलं तेव्हा काकूंनी कातरता कातरता सांगितलं, की गार्डन रीचच्या क्वार्टरमध्ये नव्यानं राहायला गेल्या तेव्हा त्यांना बांगला येत नव्हतं. शेजारच्या म्हातारबाईंचे यजमान वारले. भेटायला तर जायला हवं. "मराठीत बोलले तर तिला कळणार नाही, आणि हिंदीत असलं बोलताना माझं मलाच खोटं वाटतं," काकू म्हणाल्या. दोन्ही घरांच्या मध्ये शिउलीचं, आपल्या पारिजातकाचं, झाड होतं. त्यांनी पांढऱ्या कागदाची त्याची एक डहाळी कातरली, दुमडलेल्या जाड कागदावर चिकटवली, आत काहीही लिहिलं नाही आणि नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी म्हातारबाई आल्या आणि तासभर काकूंच्या स्वयंपाकघरात बसून राहिल्या. दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत. "तेव्हापासून कातरतेय," काकू म्हणाल्या.

पुढे बांगला त्यांना उत्तम यायला लागलं. तरी विजयादशमी झाली की मजल्यावरच्या प्रत्येक घरी त्यांचं कार्ड जायचं, आणि संक्रांतीला आम्हा मराठी बायकांना तिळगुळाची कागदी डबी मिळायची, प्रत्येकीची वेगळी. एकसारखी दोन कार्डं त्यांनी कधी केली नाहीत. आधी माणूस सांगायचा, मग त्या कपाटातून कागद काढणार; इमारतीतले सगळे आपापल्या घरचे जुने रंगीत कागद त्यांना आणून द्यायचे. इथल्या मराठी मंडळाच्या प्रदर्शनात ठेवू या म्हणून मी खूप मागे लागले होते. "प्रदर्शनातल्या माणसाला मी ओळखत नाही," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

केतकीवर त्यांचा विशेष जीव. ती घरात मराठी बोलायची, पण तिला वाचता येत नव्हतं. शाळेत इंग्रजी आणि हिंदी, खाली खेळताना बांगला. मी अंकलिपी घेऊन बसवलं की तिला झोप यायची. काकूंनी शिकवण्याचं नावसुद्धा काढलं नाही. त्यांनी बेहालाहून बराकपूरला पोस्टानं कार्डं पाठवायला सुरुवात केली. कार्डावर एक बंद खिडकी आणि खाली मराठीत एक शब्द, 'उघड'. एक पट्टी आणि शब्द, 'ओढ'. एक चकती, 'फिरव'. शब्द वाचल्याशिवाय आत काय दडलंय ते कळायचं नाही, आणि सांगायचं नाही अशी मला सक्त ताकीद. केतकी तासन्‌तास डोकं खुपसून बसायची. ळ मात्र तिच्या जिभेवर बसेना. केळ्याला ती 'केलं' म्हणायची. मग एक दिवस केळ्यांचा घड आला. प्रत्येक केळं सोलायचं, आत एकेक शब्द. बाळ, माळ, जांभूळ... शेवटच्या केळ्यात आभाळ. केतकीनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि बेहालापर्यंत फोनशिवायही ऐकू जाईल अशी ओरडली, "आजी, आभाऽळ!" त्या दिवसापासून काकू तिला 'ळ' म्हणायला लागल्या. "आमचा ळ काय म्हणतोय?" हा फोनवरचा पहिला प्रश्न.

आता जे सांगायचं आहे ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी केतकीचं लग्न ठरलं. पत्रिकेचा नमुना काकूंनी आपणहून करून दिला. मंडपाला लावतात तसे केळीचे दोन खांब, हिरव्या कागदाची नाजूक कातरलेली पानं, मध्ये एक परकरी मुलगी पाठमोरी. "हा आवडला तर घरच्या माणसांसाठी पन्नासेक करेन," त्या म्हणाल्या. "वेळ लागेल, पण प्रत्येकाची वेगळी." मी हो म्हणाले. घरी आल्यावर मात्र मला व्याह्यांची, त्यांच्या पुण्यातल्या नातलगांची चिंता वाटायला लागली. पन्नास जणांना एक पत्रिका, बाकीच्यांना दुसरी, हे कसं दिसेल? मी तो नमुना एका छापखान्यात नेला आणि तीनशे प्रती काढायला सांगितल्या. तिथला डिझाइन करणारा म्हणाला, "मॅडम, पानं थोडी वेडीवाकडी आहेत, सरळ करू का?" मी म्हटलं, करा. काकूंना नंतर सांगू, त्यांचा त्रास वाचेल, असं मी स्वतःला समजावलं. सांगणं राहून गेलं. नवऱ्याच्या कारखान्यातल्या ड्रायव्हरनं निमंत्रणांचा गठ्ठा पोस्टात टाकला, त्यात काकूंचाही पत्ता होता. त्यांनीच केलेलं कार्ड, गुळगुळीत आणि सरळ पानांचं, त्यांना पोस्टानं गेलं.

काकू लग्नाला आल्या. केतकीच्या गालावरून हात फिरवला, अक्षता टाकल्या, आणि काकांची साखर वाढलीय असं सांगून न जेवता गेल्या. नंतर मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा काकांनी घेतला. "झोपलीय," म्हणाले. मला वाटलं, आपली कला न विचारता छापली म्हणून त्या दुखावल्यात. मनातून मला थोडा रागही आला. एवढं काय त्यात, असं. आठ महिने आम्ही बोललो नाही. संक्रांत आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला डबी आली नाही. तेव्हा कुठे माझा धीर सुटला आणि मी तिळाचे लाडू घेऊन बेहालाला गेले.

दार काकूंनीच उघडलं. "आत ये. दारात उन्हात काय उभी राहतेस," एवढंच म्हणाल्या. मी खाली मान घालून म्हटलं, "काकू, माझं चुकलं. तुम्हाला विचारायला हवं होतं." त्यांनी लाडवांचा डबा घेऊन टेबलावर कागदांच्या मध्ये ठेवला. मग म्हणाल्या, "विचारलं असतंस तरी मी छाप म्हटलं असतं. छापण्याचं काही नाही गं. पण तू पानं सरळ केलीस." मला समजेना. त्यांनी टेबलावरच्या कागदावर पेन्सिलनं केळीचं एक पान काढलं, टोकाला वळवलं, पुन्हा आत वळवलं. कागदावर ळ होता. दोन्ही खांबांची सगळी पानं तशी होती. लोकांना केळी दिसणार होत्या आणि एकट्या केतकीला ळ. "पत्रिका तुम्हा सगळ्यांची होती," त्या म्हणाल्या, "पण पानांमधलं तेवढं तिचं पत्र होतं. सासरी जाताना माझ्याकडून..." मी विचारलं, मूळ नमुना? पण उत्तर मलाच माहीत होतं. तो छापखान्यातून मी कधी परत आणलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी गेले. तिथल्या माणसांनी शोधला, सापडला नाही. आयुष्यात मला कशाची लाज वाटली असेल तर त्या दिवशी, त्या काउंटरसमोर.

त्याच संक्रांतीला माझ्या आणखी एक गोष्ट लक्षात आली होती. ते पान काढताना काकूंचा हात थरथरत होता. कंपवाताचं निदान होऊन पाच महिने झाले होते आणि मला पत्ता नव्हता. डबी आली नाही ती रागामुळे नव्हे, कात्री धरता येत नव्हती म्हणून... नंतरची दोन वर्षं मी दर बुधवारी जात राहिले. त्या सांगायच्या आणि मी कातरायची. मला ते बिलकुल जमत नसे. "कागद कातरतेस की कोथिंबीर चिरतेस?" त्या विचारायच्या आणि काका पलीकडून हसायचे. शेवटी कंटाळून त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि सरळ टरकन फाडला. फाटलेल्या कडेला कागदाची पांढरी लव दिसत होती. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला. "अगं," त्या म्हणाल्या, "याचा ढग किती छान होईल. हात हलतोय तर हलू दे, ढगाला कुठे सरळ रेघ लागते?" त्यानंतर त्या फाडूनच करायच्या. डोंगर, नदीतल्या नावा, शेवग्याची फुलं. मला विचाराल तर त्यांची सगळ्यात सुंदर कार्डं या दोन वर्षांतली आहेत. लग्नानंतर बेंगळुरूला राहायला गेलेल्या केतकीला त्यांनी त्यातलं एक पाठवलं. हिरव्या कागदाचं एकच मोठं पान, कडा फाटक्या, टोक दोनदा वळलेलं. आत काही लिहिलेलं नव्हतं. बेंगळुरूहून केतकीचा फोन मला आला नाही, थेट काकूंना गेला. काय बोलल्या ते मी विचारलं नाही. काकांनी एवढंच सांगितलं, की फोन बराच वेळ चालला आणि त्यात बोलणं फार नव्हतं.

शेवटच्या बुधवारी मी निघताना गमतीनं म्हटलं, "काकू, वीस वर्षं झाली, माझ्या नावाचं कार्ड काही तुम्ही केलं नाहीत. डबीवर भागवलंत." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी काहीतरी खुळ्यासारखं बोलले होते. "तुला कशाला? तू समोर असतेस की." पुढच्या रविवारी त्यांना ताप भरला, न्यूमोनिया झाला, आणि चार दिवसांत सगळं आटोपलं.

दिवसकार्य होऊन गेलं. परवा मी काकांकडे गेले होते. आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या बंगाली शेजारीण मित्राबाई होत्या. हातात जुन्या लग्नपत्रिका, मिठाईच्या खोक्याची सोनेरी झाकणं, एका नव्या साडीतून निघालेला जांभळा कागद. "दादा, एटा राखुन," ठेवून घ्या, असं म्हणून त्यांनी तो गठ्ठा काकांच्या हातात दिला आणि डोळे पुसत जिना उतरून गेल्या. त्या काकूंना पोचवायला आल्या होत्या, मी स्वतः पाहिलं होतं. काका म्हणाले, "सगळेच आणून देतात अजून. ठाऊक आहे सगळ्यांना. पण कचऱ्यात टाकवत नाही म्हणतात." मग ते भिंतीशी असलेल्या कपाटापाशी गेले आणि गठ्ठा सोडून एकेक कागद त्याच्या सरकत्या कप्प्यांत लावायला लागले. लाल आणि केशरी वर, हिरवे मध्ये, चकाकणारे सगळ्यात खाली, आडवे, म्हणजे घडी पडत नाही. मी पाहत राहिले. या माणसानं जन्मात कधी काकूंच्या कागदांना हात लावलेला मी पाहिला नव्हता. "तुम्हाला कसं माहीत, काका, कुठलं कुठे जातं ते?" मी विचारलं. जांभळा कागद त्यांनी उजेडाकडे धरला. "तिनं काही शिकवलं नाही," ते म्हणाले. "पेपर वाचत बसायचो मी. पण दिसायचं गं." आणि तो कागद हातानं हळूच सपाट करून त्यांनी मधल्या कप्प्यात ठेवला. कप्पा इतका भरला होता, की तो पुरता बंद होईना. त्यांनी जोर केला नाही. तसाच बोटभर उघडा राहू दिला.