काकांच्या छातीतला बुडबुडा

मी मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे घाटकोपरच्या आमच्या चाळीत कुणाचाही एक्स-रे निघाला की तो आधी माझ्याकडे यायचा. मी फिल्म खिडकीपाशी धरायची, नीट पाहिल्यासारखं करायची आणि "डॉक्टर सांगतायत तेच करा" म्हणायची. यात चुकण्याची भीती कमी होती.

शेजारचे काका विक्रोळीला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाकी होते. छातीत डावीकडे डाग दिसला म्हणून त्यांना टीबीची इंजेक्शनं चालू होती. टीबी झालेल्या माणसाच्या हातचं कोण जेवणार? त्यांना घरी बसवलं होतं, आणि महिनाअखेर कायमचं काढणार होते.

"काय गं डॉक्टरीण, अजून किती सुया?" म्हणत त्यांनी फिल्म माझ्या हातात दिली.

डाग कसला, मोठा बुडबुडा होता, आणि त्याच्या तळाशी पाण्याची सरळ रेघ. असा बुडबुडा मी पुस्तकात पाहिला होता, पण पोटात. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "जेवले की ह्यांची छाती गुरगुरते. मला वाटलं, टीबीत तसंच होत असेल."

मी धीर करून विचारलं, "काका, कधी मार लागला होता का?"

"दोन वर्षांपूर्वी ट्रकनं मागे येताना गेटला दाबलं होतं. तीन बरगड्या मोडल्या. पण त्या जुळल्या की."

फिल्म घेऊन मी कॉलेजात सरांकडे गेले. पाठ केलेलं वाक्य ऐनवेळी विसरले. सरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि म्हणाले, "उद्या उपाशीपोटी घेऊन ये त्यांना."

दुसऱ्या दिवशी काकांना एक्स-रेत उठून दिसणारं बेरियम प्यायला दिलं. त्यात मीठ कमी आहे, असं त्यांनी सांगितलं. पडद्यावर ते पांढरं औषध खाली उतरलं आणि वळून पुन्हा वर, छातीत शिरलं. छाती आणि पोट यांच्यामधला स्नायू त्या अपघातातच फाटला होता. त्या फटीतून जठर वर सरकलं होतं.

"ऑपरेशन लगेच करायला हवं," सर म्हणाले. "जठराला पीळ पडला तर जिवाशी येईल."

"टीबी नाही ना?" काकांनी विचारलं.

"नाही."

"मग तेवढं आधी लिहून द्या."

"अहो, ऑपरेशन..."

"ते करा की. कागद आधी द्या."

सरांनी लिहून दिलं. काका तिथेच दाखल झाले आणि काकू कागद घेऊन विक्रोळीला गेल्या. मॅनेजरनं तो दोनदा वाचला.

"मग नक्की झालंय काय?"

"पोट वर गेलंय," काकू म्हणाल्या. "खाली आणतायत."

ऑपरेशन नीट झालं आणि तीन महिन्यांनी काका कामावर रुजू झाले. त्यांच्या रजेच्या अर्जावर मॅनेजरनं कारण लिहिलं होतं: पोटदुखी.