गुळाच्या कढईतून सासुरवाडीला

जावयाला कढईत घालायची चाल आमच्या सासरी नाही. मी आपण होऊन बसलो.

अठ्ठावन्न सालचा अधिक श्रावण. धोंड्याच्या महिन्याचा अखेरचा दिवस. आज जावई जेवला नाही, तर सासूबाईंचं पुण्य पुढच्या अधिक महिन्यापर्यंत लांबणीवर! त्यात जावई जेवल्याशिवाय आपण पाणीही पिणार नाही, असा त्यांचा हट्ट. (बायकोचा स्वभाव कुठून आला, ते तेव्हा कळलं.) आणि नेमका घाटंजीपुढचा डोंगरनाला दोन्ही थड्या भरून, दगडांवर आपटत धावत होता. पलीकडे सासूबाई ताट घेऊन उभ्या, अलीकडे बायको आणि नव्या धोतरात मी. जीव नुसता वैतागला होता!

तेवढ्यात मेहुणा गुळाची मोठी कढई, तीत एक बांबू टाकून, ढकलत, पोहत अलीकडे आला. "बसा भाऊजी! मी धरून नेतो."

"आयका नं जी," बायको म्हणाली, "खालच्या बाजूनं जाऊ. तिथं पाणी पसरते. आमी लहानपणापासून तिथूनच जातो."

"मले शिकवू नको! नागपूरच्या तलावात नाव चालवली मी!" (एकदाच. वल्हं दुसऱ्याच्या हातात होतं.)

कढईत बसलो, मेहुण्याच्या हातातला बांबू हिसकावला आणि काठाला असा रेटा दिला, की तो बिचारा काठावरच राहिला!

कढईला ना तोंड, ना शेपूट! ती जी गरगर फिरायला लागली! घडीत सासूबाई दिसत, घडीत बायको. दोघीही ओरडतच होत्या. पहिल्या दगडावर टोपी गेली, दुसऱ्यावर बांबू.

"बांबू रोवा नं भाऊजी!" मेहुणा काठानं धावत होता.

"कोणता बांबू? तो माह्या पुढं गेला ना रे!"

मग मात्र मी डोळे गच्च मिटले, कढईच्या तळाशी बसलो आणि "मेलो! वाचवा!" एवढंच म्हणत राहिलो. किती वेळ गेला कोण जाणे. कोणीतरी खांदा हलवला.

डोळे उघडले. कढई वाळूत रुतलेली. समोर बायको उभी. पाणी तिच्या पोटऱ्यांपर्यंत!

"हेच ते खालचं," ती म्हणाली. "आता तरी उतरता काय जी? कायले बोंबलून राह्यले?"

"थांब वं! उतरवू नको!" पलीकडून सासूबाई ओचा खोचून, ताट सांभाळत तरातरा आल्या. पुरणाचा अख्खा धोंडा माझ्या तोंडात कोंबला, हात जोडले आणि हुश्श केलं. "झालं माय! आता कुठं बुडाचं तिथं बुडा, जवाईबापू!"

मी धोंडा कसाबसा गिळला आणि कढईत बसल्या बसल्याच विचारलं, "यावर तूप नाही टाकलं काय?"