चार आणि पाचशे

रायपुरात, शंकर नगरातल्या दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलो होतो. समोरच्या भिंतीवर छतापासून फरशीपर्यंत एक धबधबा चिकटवला आहे. खडकांवरचं शेवाळ न् शेवाळ त्यात दिसतं, पण त्यावरून जे उतरतं त्याला पाणी म्हणायला जीभ धजत नाही. पिंजलेला कापूस आहे तो. त्यात थेंब नाही, तुषार नाही, आपटणं नाही, फुटणं नाही. सोबत आलेली नात म्हणाली, "कितना सिल्की है न, आबा! बिलकुल आपकी फोटो जैसा." दुखत होता दात, पण ठणका भलतीकडेच उठला.

"पाणी हाय ते. पैठणी नाही," मी म्हणालो.

"इसको स्लो शटर बोलते हैं. पानी सॉफ्ट हो जाता है," ती मलाच शिकवू लागली.

सॉफ्ट! धबधब्याखाली ज्यानं एकदा तरी पाठ दिली असेल त्याला विचारा. मुठी भरभरून मुरूम फेकून मारावा तसं पाणी लागतं. श्वास कोंडतो. त्याचा गडगडाट कानांनी नाही, फासळ्यांनी ऐकावा लागतो. इतक्या रागीट वस्तूची हे लोक दुधाची साय करतात आणि भिंतीला लावतात, आणि खाली माणसं गाल धरून बसतात, मन शांत होईल म्हणून. माझा राग अजून निवला नव्हता, तोच नातीनं हळूच सांगितलं की धबधब्याचा माझा तो जुना फोटो मोठा करून तिनं प्रदर्शनाला दिलासुद्धा. बुढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या मराठी लोकांच्या सभागृहात जुन्या घरांतले फोटो लावलेत म्हणे. मला न विचारता.

तो फोटो कसा निघाला हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. रेल्वेत खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचा मदतनीस, लागलो, घण मारले, साखळदंड ओढले. तात्यापाऱ्यातला एक फोटो स्टुडिओवाला माझा दोस्त होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बायकोला घेऊन बस्तरात तीरथगढचा धबधबा बघायला निघालो, तेव्हा त्यानं आपला कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. वर एक चकती, तिच्यावर आकडे. "ये शटर है भैया, कैमरे की पलक," तो म्हणाला. "जल्दी झपकेगी तो पानी थम जाएगा, धीरे झपकेगी तो दूध बन जाएगा. बस, अंदर का काँटा बीच में रखना." कोणता आकडा जलद आणि कोणता संथ, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारणं माझ्या रक्तातच नव्हतं. चार लहान, पाचशे मोठा. लहान आकडा म्हणजे थोडा वेळ, एवढं तर कोणत्याही पोट्ट्याला कळतं. चार म्हणजे सेकंदाचा चौथा हिस्सा आणि पाचशे म्हणजे पाचशेवा, हे उलटं गणित माझी शाळा सुटल्यावर शिकवत असावेत.

कुवारातलं, म्हणजे आश्विनातलं, ऊन अजून दरीत उतरलं नव्हतं. पायरीपायरीनं कोसळणारं पाणी, ओल्या दगडांचा आणि कुजक्या पानांचा वास, आणि हवेत इतके बारीक तुषार की पापण्या जड व्हाव्यात. जांभळ्या पातळातल्या तिला मी खडकावर उभं केलं. "हलू नको!" असं ओरडून चकती चारवर ठेवली, पाण्याचा थेंब न् थेंब आणि बायको, दोन्ही जिथल्या तिथं थांबावीत म्हणून. ती हसली, शहारली, पदर सावरू लागली. कॅमेऱ्याची पापणी झपकली. मग म्हटलं, आता नुसत्या पाण्याचं दूध करू, तू बाजूला हो. चकती पाचशेवर नेली, भिंगाचं कडं फिरवून उजेडाचा काटा मध्ये आणला. ती कशाला बाजूला होते! हात उडवत, काहीतरी ओरडत थेट माझ्याकडंच चालत आली, आणि तेवढ्यात मी बटण दाबलं.

रायपुरात फिल्म धुतली तेव्हा सगळं उलटं. पहिल्या फोटोत दूधच दूध, आणि माझी बायको जिथं उभी होती तिथं तुषारांत मिसळलेला एक पुसट लोळ. दुसऱ्यात प्रत्येक थेंब मण्यासारखा अधांतरी, आणि मधोमध ती: एक पाय हवेत, कपाळाला आठी, तोंड उघडं. स्टुडिओवाला पहिल्यावरच भुलला. "क्या हाथ है, भैया! ये धुंध कैसे लाए?" धुकं नव्हतं ते, माझं माणूस होतं. आणि मी काय केलं? मान डोलावली. म्हणालो, "अंदाज लगता है."

त्यानं तो फोटो दुकानाच्या काचेत लावला. कितीतरी वर्षं तो तिथं होता. बाजाराला जाताना ती त्या दुकानावरून मान वळवून जायची. एकदाच बोलली. "अवो, मले पुसून टाकलं अन् तुम्ही वाहवा घेऊन राहिले!"

"कला हाय ते. तुले नाही समजत."

"अन् दुसऱ्यात त वाघीण दिसून राहिली मी. जाळून टाका तो."

जाळला नाही, पेटीत तळाशी ठेवला. पण चूक झाली असंही म्हटलं नाही, ती जाईपर्यंत नाही.

दात तसाच ठेवून मी उठलो आणि ऑटो करून बुढापाऱ्यात गेलो. दाराशीच तो टांगला होता, खाली चिठ्ठी: धुंध में झरना. माझ्याच वयाचे एक निवृत्त बाबू त्याच्यापुढं हात जोडल्यासारखे उभे. "काय शांत वाटते हो पाहून," म्हणाले. मी फोटो खिळ्यावरून उतरवला.

"आबा, सब देख रहे हैं!" मागून आलेली नात कुजबुजली.

"पाहू दे. ह्याच्यात तुझी आजी हाय अन् कोणालेच दिसून नाही राहिली. चुकलेला फोटो हाय हा. माझ्यानं चुकला. मले आकडे समजत नव्हते."

एवढं बोलायला मला एक आयुष्य लागलं, आणि ऐकायला तिला एक क्षण. दुसरा फोटो पेटीत आहे, तेही सांगून टाकलं. घरी येऊन तिनं पेटी उघडायला लावली, आणि तिसऱ्या दिवशी त्याच खिळ्यावर दुसरा फोटो लागला. बाबू मागं सरकले. "बाप रे, कोणावर तापल्या ह्या?"

"माझ्यावर," मी छाती काढून सांगितलं.

"क्या बोल रही थीं आजी?" नातीनं विचारलं.

मी तोंड उघडलं, आणि आत तिचा एकही शब्द नव्हता. पाय घसरेल म्हणत असतील, बाबू म्हणाले. भूक लागली म्हणाली असेल, आणखी कुणी. मी खेकसलो, तिच्या तोंडात आपले शब्द घालू नका. पण राग त्यांच्यावर नव्हता. तो सगळा गडगडाट अजून माझ्या फासळ्यांत आहे, ओल्या दगडांचा वास आहे, जांभळ्या पातळाचे भिजलेले काठ आहेत. पाण्याचा एक थेंब मी खाली पडू दिलेला नाही, तिचा पाय अजून खडकावर टेकलेला नाही. पाचशेव्या हिश्शात शब्द तेवढा मावत नाही. तो ऐकायचा तर उभं राहून पुरता ऐकावा लागतो, आणि मी त्या वेळी बटण शोधत होतो.