अर्धा चेहरा

रविवारी दुपारी माझा नवरा लॅपटॉपसमोर बसून एक मुलगी शोधत होता. लहानपणी त्याच्याकडे हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम होता, त्यातल्या विहिरीपाशी ती उभी असायची. त्या गेमची फाईल उघडून तो आतली चित्रं बाहेर काढत होता. मला पडद्यावर नुसती फिसकटलेली रांगोळी दिसत होती. तो चित्राची रुंदी जराजराशी बदलत राहिला, आणि एकदम त्या ठिपक्यांच्या कचऱ्यातून ती उभी राहिली.

पण चेहरा हिरवा आणि केस गुलाबी. रंग म्हणे फाईलमध्ये दुसरीकडेच ठेवलेले असतात.

"झगा असा नव्हता गं तिचा. जांभळा होता, जरा विटका," असं म्हणून तो रंग शोधायला लागला.

विटका जांभळा! माझ्या अंगावरचा ड्रेस नवा आहे, हे त्याला सकाळपासून कळलं नव्हतं. त्या नखाएवढ्या मुलीपायी माझा नुसता जळफळाट झाला. माणूस हरवल्याशिवाय त्याला कुणी इतकं निरखून बघतच नाही की काय? मग मीही जाऊन बसते एखाद्या फाईलीत, ठिपके ठिपके होऊन.

शेवटी रंग सापडले. तो हसला. "अगं, हिचा अर्धाच चेहरा ठेवलाय यात! दुसऱ्या बाजूला तोच उलटा करून जोडतात, जागा वाचवायला."

मला बरं वाटलं. "म्हणजे अर्धीच आहे तर."

"तेवढी पुरते की," तो तिच्याकडे बघतच म्हणाला.

मी शेजारी अख्खा चेहरा घेऊन बसले होते.