सुरणाचा डोळा

आज अंगणात नातसून सुरणाचे तुकडे शेणकाल्यात बुडवत होती. त्या वासाने पोलादपूरच्या डोंगरातल्या आमच्या वाडीचा एक जुना वैशाख आठवला.

माळ्यावर ठेवलेले बियाण्याचे गड्डे अवकाळी पावसाच्या गळतीने कुजले होते आणि घरात दुसरं बियाणं नव्हतं. "टाका उकिरड्यावर," मी म्हणालो. वहिनी मात्र कोयता घेऊन बसली. मऊ पडलेला भाग कापत कापत ती घट्ट, पिवळसर गरापर्यंत पोचली. "भावोजी, डोळा जिता हाय!" प्रत्येक तुकड्याला डोळ्याची, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेची, कड राखून तिने ते शेणकाल्यात बुडवले, सावलीत सुकवले आणि लावले. मी नुसता हसत होतो.

पुढे मातीतून गुलाबी कोंब भाल्यासारखे वर आले, तेव्हा ती बांधावरून ओरडली, "या बघाया, तुमचा उकिरडा उगवलाय!"

बियाणं मीच राखलं असं समजून वाडीने माझी पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली. आज मात्र सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं, "हे बियाणं वहिनीनं वाचवलंय, मी नाय."

पायरीवर बसलेली वहिनी बोळक्या तोंडाने खदखदून हसली. "एवढी वर्सं सुरणानं घसा धरला व्हता काय, भावोजी?"