गिऱ्ह्याची खोली

ठाण्याच्या खाडीवरच्या आमच्या कोळीवाड्यात नव्वद सालानंतर एका निवृत्त मास्तरांनी गिऱ्ह्याचं संग्रहालय काढलं. संग्रहालय म्हणजे समाजमंदिरामागची एक खोली. मास्तर डोंबिवलीहून शेजारच्या नव्या इमारतीत नुकतेच राहायला आलेले. गिऱ्हा म्हणजे खाडीतलं भूत. जाळ्यात आलेला पहिला मासा त्याला परत टाकायचा. नाही टाकला तर तो माणूस ओढून नेतो, चाकरीला ठेवतो आणि मर्जी झाली की सोडतो, असं आमच्याकडे म्हणत.

माझ्या आत्याचा नवरा असाच नेलेला. मी शाळेत असताना तो एकटाच होडी घेऊन गेला. होडी सापडली, तो नाही. घाईत पहिला मासा टाकायचा राहिला असणार, असं गावाने ठरवून टाकलं. त्यामुळे आत्याचं कुंकू तसंच राहिलं. हळदीकुंकवाचं पहिलं बोलावणं तिला असे. खरं काय ते सगळे जाणून होते, पण तिच्यापुढे बोलायची कोणाची छाती नव्हती. माझीही नव्हती.

मी वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगला होते, शुक्रवारी सुट्टी असायची. एका शुक्रवारी आत्या म्हणाली, चल, बघून येऊ. निघताना तिने कागदात एक बोईट मासा बांधून घेतला.

खोलीतला गिऱ्ह्याचा पुतळा गणपतीच्या कारखान्यातल्या कारागिराने केलेला, त्यामुळे पोट सुटलेलं आणि चेहरा प्रसन्न. केसांना काथ्या. बाजूला 'येथे मासे ठेवू नयेत' अशी पाटी आणि तिच्याखालीच चार-पाच मासे. वास विचारू नका. वाचता येणारेसुद्धा ठेवून जात आणि मास्तर रोज बिचारे चिमट्याने उचलत.

मास्तरांनी छान समजावून सांगितलं. रात्री चिखलातला वायू पेटतो, लोकांना तो गिऱ्ह्याचा दिवा वाटतो, बाकी सगळ्या मनाच्या कल्पना. आत्याने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग यो मानसांना चाकरीला ठेवत नाय?"

"नाही हो मावशी. माणसं बुडतात. ओहोटीबरोबर लांब जातात, म्हणून सापडत नाहीत."

मी मागून खुणा करत होते, पण मास्तर चष्मा पुसत होते. मला त्यांचा भयंकर राग आला. खोटं मात्र ते एक अक्षर बोलले नव्हते.

आत्याने मासा ठेवला नाही, तसाच पिशवीत टाकला. वाटेत ती माझ्याशी भाजीच्या भावाबद्दल बोलली. मला वाटलं, बरं झालं, काही मनावर घेतलं नाही.

घरी वडील ओट्यावर जाळं विणत बसले होते. आत्या त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "दादा, त्यांचा दहावा घालाचा हाय."

वडिलांचे हात थांबले. ते म्हणाले, अगं, आता इतक्या वर्षांनी?

"मना तं आजच कलला," ती म्हणाली, आणि त्या माणसासाठी पहिल्यांदा रडली.